विश्लेषण : विमानतळाच्या नावावरून दोन शहरं कोर्टात का गेली?

एखाद्या ब्रँडचं नाव किंवा लोगो बदलला की सोशल मीडियावर दोन दिवस मीम्स फिरतात आणि विषय संपतो. अमेरिकेतल्या ओकलंड विमानतळाच्या बाबतीत मात्र तसं झालं नाही.

नेमकं काय घडलं?

कॅलिफोर्नियातल्या या विमानतळाचं नाव ‘मेट्रोपोलिटन ओकलंड इंटरनॅशनल एअरपोर्ट’ होतं. तो चालवणाऱ्या ‘पोर्ट ऑफ ओकलंड’ने मे २०२४ मध्ये ते बदलून ‘सॅन फ्रान्सिस्को बे ओकलंड इंटरनॅशनल एअरपोर्ट’ केलं. ‘ओएके’ हा तीन अक्षरी कोड कायम राहिला.

बदल कशासाठी?

पोर्टचं म्हणणं असं, की बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना ओकलंड कुठे आहे हेच माहीत नसतं. त्यामुळे नव्या विमानसेवा टिकत नाहीत. विमानतळ सॅन फ्रान्सिस्को उपसागराच्या काठावरच आहे, मग नावात तसं म्हणायला काय हरकत आहे?

लोक का चिडले?

सॅन फ्रान्सिस्कोचा आक्षेप होता की प्रवाशांचा गोंधळ उडेल. पण नाराजी खुद्द ओकलंडमध्येही होती. बास्केटबॉलचा वॉरियर्स संघ २०१९ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला गेला, फुटबॉलचा रेडर्स २०२० मध्ये लास वेगासला. बेसबॉलच्या ए’ज संघाचंही जाणं ठरलेलं होतं. अशा वेळी विमानतळाच्या नावातही शेजारच्या शहराला पहिला मान मिळणं अनेकांच्या मनाला लागलं.

कोर्टात काय झालं?

अंतिम मतदानाआधीच, एप्रिल २०२४ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोने ट्रेडमार्कचा दावा ठोकला. नोव्हेंबरमध्ये न्यायालयाने नव्या नावाच्या वापरावर तात्पुरती बंदी घातली. या नावामुळे दोन विमानतळांचा एकमेकांशी संबंध आहे असा समज होऊ शकतो आणि तसा संबंध नाही, हा त्यातला कळीचा मुद्दा होता. जुलै २०२५ मध्ये पोर्टने क्रम फिरवला आणि ‘ओकलंड सॅन फ्रान्सिस्को बे एअरपोर्ट’ हे नाव स्वीकारलं. ओकलंड पुन्हा पुढे आलं, पण सॅन फ्रान्सिस्कोची नाराजी यानंतरही मिटली नाही.

गंमत म्हणजे, सॅन फ्रान्सिस्कोचा विमानतळ शहराच्या मालकीचा असला तरी तो शहराच्या हद्दीत नाही. तो शेजारच्या सॅन मतेओ काउंटीत आहे!

आपण यातून काय घ्यायचं?

नाव ऐकून विमानतळाचा अंदाज बांधू नका. बे एरियातल्या नातेवाइकांकडे जाताना तिकिटावर ‘एसएफओ’ आहे की ‘ओएके’, हे पाहून घ्या. गोव्याचंही तसंच आहे. ‘जीओआय’ म्हणजे दक्षिणेकडचं दाबोळी, तर ‘जीओएक्स’ म्हणजे उत्तरेकडचं मोपा. नावं बदलत राहतील. तिकीट काढताना कोड वाचला, तर चुकीच्या विमानतळावर उतरण्याची वेळ येणार नाही.