पिट्यूटरीची गाठ निघाली, ऑपरेशन यशस्वी झालं; मग पेशंटला अजून बरं का वाटत नाही?

नाकातून दुर्बीण घालून मेंदूच्या तळाशी असलेली गाठ काढतात. डोक्यावर टाका नाही, केस काढायची गरज नाही आणि सगळं सुरळीत झालं तर काही दिवसांत पेशंट घरी. लोणावळा, कामशेत किंवा वडगावला परतलेल्या अशा माणसाकडे बघून एवढं मोठं ऑपरेशन झालंय असं वाटतही नाही. अडचण तिथूनच सुरू होते. बाहेरून काही दिसत नसल्यामुळे त्याने आठवड्याभरात कामाला लागावं, अशी घरच्यांची अपेक्षा असते. शरीर मात्र अजून सावरत असतं. त्याला कधी काही आठवडे लागतात, तर कधी वर्ष जातं.

मुळात ही गाठ कसली?

पिट्यूटरी म्हणजे पीयूष ग्रंथी. मटाराच्या दाण्याएवढी, नाकाच्या मागे हाडाच्या खोबणीत बसलेली. थायरॉइड, पाळी, शरीराची वाढ, ताण सोसण्याची ताकद, अंगातलं पाणी, या सगळ्यावर तिचं नियंत्रण असतं. तिच्यात होणाऱ्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात. पण काही गाठी जास्तीचं हार्मोन तयार करतात, तर काही वाढत जाऊन डोळ्यांच्या नसा दाबतात. 'द ग्रेट खली' म्हणजेच दलीप सिंह राणाच्या पिट्यूटरीवरची गाठ २०१२ मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गला काढली होती.

प्रत्येक गाठीला ऑपरेशन लागतं असंही नाही. प्रोलॅक्टिन वाढवणाऱ्या गाठी बहुतेक वेळा गोळ्यांनीच आटोक्यात येतात.

घरी आल्यानंतरचे दहा दिवस

सगळ्यात जास्त लक्ष इथे हवं. ऑपरेशननंतर साधारण चौथ्या ते दहाव्या दिवसादरम्यान काही पेशंटच्या रक्तातलं सोडियम घसरतं. तेव्हा पेशंट बहुधा घरी असतो. डोकं दुखतं, मळमळतं, तो गोंधळल्यासारखं बोलतो, आणि घरच्यांना वाटतं की थकवा आहे. म्हणून साधारण आठवड्याने सोडियमची तपासणी सांगितलेली असते. ती तळेगावच्या लॅबमध्येही होते, त्यासाठी पुण्याला जायची वाट बघू नये.

उलटा प्रकारही होतो. पेशंटला सारखी तहान लागते आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने लघवीला जावं लागतं. पुणे-लोणावळा लोकलमध्ये टॉयलेट नाही, त्यामुळे या दिवसांत तपासणीला जाणं हीच शिक्षा होऊन बसते. यावर डेस्मोप्रेसिन नावाचं औषध आहे. लाजून पाणी कमी पिणं हा त्यावरचा इलाज नाही.

नाकातून पाण्यासारखा पातळ द्रव गळत असेल, घशात खारट चव लागत असेल, तर ती सर्दी समजू नका. मेंदूभोवतीचं पाणी झिरपत असण्याची शक्यता असते. त्यातून मेंदूज्वर होऊ शकतो, म्हणून त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं.

वाकायचं नाही म्हणजे नेमकं काय?

सुरुवातीचे काही आठवडे नाक शिंकरणं, जोर करणं, जड उचलणं, खाली वाकणं बंद असतं. मावळात हे जुलैमध्ये सांगणं सोपं नाही, कारण भातलावणी म्हणजे दिवसभर कमरेत वाकून चिखलात उभं राहणं. ऑपरेशन तातडीचं नसेल, तर तारीख ठरवताना शेतीचं वेळापत्रक डॉक्टरांना जरूर सांगावं. डोळ्यांवर दाब असेल तर मात्र लावणीसाठी थांबू नये.

१९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी कैवल्यधाम स्थापन केलं ते लोणावळ्यातच, त्यामुळे या भागात योगाची सवय असलेली माणसं पुष्कळ. कपालभाती, शीर्षासन आणि जलनेती सर्जनने परवानगी देईपर्यंत नको. डॉक्टर नाक धुवायला सलाइन देतात ते वेगळं. त्याची वेळ आणि पद्धत तेच सांगतात.

जी गोळी चुकवायची नाही

ऑपरेशननंतर पिट्यूटरी मंदावली तर शरीर स्वतःचं कॉर्टिसोल पुरेसं बनवत नाही. मग हायड्रोकॉर्टिसोनसारखी स्टेरॉइडची गोळी रोज घ्यावी लागते. 'स्टेरॉइड वाईट' असं ऐकून ती आपल्या मनाने बंद करणारे कमी नाहीत, आणि हा धोका जिवावरचा आहे. ताप आला तर डोस साधारण दुप्पट करायला सांगतात. उलट्यांमुळे गोळी पोटात टिकत नसेल तर इंजेक्शन लागतं. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ येते तेव्हा आतल्या गावातून दवाखान्यापर्यंत पोहोचायला वेळ लागतो, म्हणून इंजेक्शनची सोय आधीच विचारून ठेवावी. आपण स्टेरॉइडवर आहोत, अशी मराठीत लिहिलेली चिठ्ठी पाकिटात असू द्यावी.

नजर, चेहरा आणि मन

नसांवरचा दाब गेला की अनेकांची नजर काही दिवसांतच सुधारू लागते, पुढे काही महिने सुधारत राहते. पण या गाठीत बहुधा दोन्ही बाजूंचं, कडेचं दिसणं जातं. समोरचं वाचता येतं म्हणून जुन्या हायवेवर बाइक काढली, तर बाजूने येणारा ट्रक दिसत नाही. गाडी सुरू करण्याआधी नजरेची फील्ड टेस्ट करून घ्यावी.

वाढीच्या हार्मोनमुळे मोठे झालेले हात-पाय सुजेपुरते उतरतात, वाढलेलं जबड्याचं हाड मात्र तसंच राहतं. कुशिंग आजाराच्या पेशंटची गोष्ट तर अगदीच उलटी. वर्षानुवर्षं जास्त असलेलं कॉर्टिसोल एकदम खाली येतं, त्यामुळे ऑपरेशन जितकं यशस्वी तितकं सुरुवातीला वाईट वाटतं: अंगदुखी, थकवा, उदासी. हे महिनोन्‌महिने चालू शकतं. घरच्यांना हे आधी माहीत असेल तर 'आळशी झालाय' हा शेरा तरी टळतो.

रिपोर्ट नॉर्मल आणि माणूस नॉर्मल, यातलं अंतर मोजायला डॉक्टर प्रश्नावल्या वापरतात. वाढीच्या हार्मोनच्या आजारासाठी 'अ‍ॅक्रोक्यूओएल'मध्ये २२ प्रश्न आहेत, कुशिंगच्या प्रश्नावलीत १२. झोप, दिसणं, लोकांत मिसळणं, कामाची ताकद असे साधे प्रश्न. ओपीडीत कुणी विचारलं नाही तरी पेशंटने हे स्वतःहून सांगावं. उदासीवर उपचार असतात, आणि कधीकधी तिचं मूळ थायरॉइडच्या कमी डोसमध्ये निघतं.

जायचं कुठे?

मावळ दोन शहरांच्या मधे आहे. एका बाजूला पुण्यात ससून, दुसऱ्या बाजूला परळचं केईएम. सर्जन निवडताना एक प्रश्न नक्की विचारा: इथे हार्मोनचे डॉक्टर, म्हणजे एंडोक्रिनॉलॉजिस्ट, सोबत असतात का? खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत आपलं ऑपरेशन बसतं का, हे योजनेतल्या हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राकडून दाखल होण्याआधीच समजून घ्यावं. पहिला एमआरआय साधारण तीन महिन्यांनी होतो, पुढचे डॉक्टर सांगतील तसे. गाठ पुन्हा वाढू शकते, म्हणून जुन्या फिल्म्स आणि डिस्चार्ज कार्ड फेकू नका.