गाजर गवत : आधी दाट पट्टा की लांबचे ठिपके?



पाऊस पडून पंधरा-वीस दिवस झाले की बांधावर, गायरानात, ओढ्याकाठी गाजर गवत वर येतं. दरवर्षी तोच प्रश्न पडतो. मजूर चार आणि गवत चाळीस गुंठे, तर हात कुठून घालायचा? बहुतेक गावांत जिथं गवत दाट दिसतं तिथूनच सुरुवात होते. हिशोब मात्र उलटं सांगतो. तो हिशोब कसा जमत गेला, ते आज लिहितो.

आधी गवताबद्दल. गाजर गवत, काँग्रेस गवत, पांढरफुली ही सगळी एकाच झाडाची नावं. मूळ मुलूख मेक्सिकोच्या आखाताभोवतीचा. आपल्याकडं ते पुण्यात 1955 साली नजरेत आलं आणि 1956 ला त्याची शास्त्रीय नोंद छापली गेली. पीएल-480 च्या गव्हातून आलं असं गावोगाव सांगतात. पण त्या योजनेचा भारताशी पहिला करार ऑगस्ट 1956 चा, म्हणजे गवत त्याच्या आधीच दिसलेलं. अमेरिकेचा गहू मात्र 1951 पासून येत होता, त्यामुळं गव्हावरचा संशय पुरता जात नाही. त्याच 1955 साली ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्येही हे गवत सापडलं.

पुण्यातून ते देशभर गेलं. पण पाणी पसरावं तसं सलग नाही गेलं. ट्रकच्या चाकाला, कडब्याच्या पेंढीत, शेणखतात, पुराच्या पाण्यात बी गेलं आणि लांब कुठंतरी एक ठिपका पडला. तो ठिपका वाढला, त्यातून पुढं आणखी ठिपके पडले. एका चांगल्या वाढलेल्या झाडाला 15,000 ते 25,000 बी येतं म्हणतात. मग ठिपक्याला बेट व्हायला कितीसा वेळ लागणार?

आता हिशोबाकडं येऊ. परका जीव किती वेगानं पसरतो हे गणितानं मांडायचं काम जुनं आहे. 1905 साली युरोपात प्रागजवळ मस्करॅट नावाचे थोडे पाणउंदीर आणून सोडले होते. ते मध्य युरोपभर पसरले. स्केलम नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञानं 1951 साली त्यांचे जुने नकाशे घेऊन दाखवलं की व्यापलेल्या मुलखाची त्रिज्या दरवर्षी साधारण सारख्याच अंतरानं वाढते. पुढं 1985 ला ऑस्ट्रेलियातल्या सदरस्ट आणि मेवाल्ड यांनी क्लायमेक्स नावाचं संगणकी मॉडेल मांडलं. एखाद्या जीवाला कुठली थंडी, ऊन, ओल मानवते ते बघून तो आणखी कुठं तग धरेल हे ते सांगतं. गाजर गवतासाठी पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेचा असा नकाशा 2011 साली छापून आला. गवत अजून पोचलं नाही पण पोचलं तर माजेल, अशा जागा त्यात कळतात.

आपल्या कामाचं खरं उत्तर 1988 चं आहे. अमेरिकेतल्या मूडी आणि मॅक या दोघांनी साधा प्रश्न घेतला : एक मोठं बेट आणि आजूबाजूला लहान ठिपके असतील तर आधी काय मारावं? उत्तर आलं, ठिपके.

कसं ते आपल्या मापात बघा. 100 फूट त्रिज्येचं एक गोल बेट धरा. ते साधारण 29 गुंठे भरतं. दुसरीकडं 20 फूट त्रिज्येचे 25 ठिपके धरा. तेही मिळून 29 गुंठेच. दोन्ही दरवर्षी चहूबाजूंनी 10 फूट पुढं सरकतात असं समजू. वर्षानं मोठं बेट 35 गुंठे होतं आणि ठिपके 65 गुंठे. दुसऱ्या वर्षी बेट साडेएक्केचाळीस, ठिपके 115 गुंठे! गवत तेवढंच, पण ठिपक्यांना कडा जास्त, आणि वाढ कडेनंच होते.

ऑस्ट्रेलियातलं न्यू साउथ वेल्स राज्य याच मार्गानं जातं. क्वीन्सलँडमधून येणारे हार्वेस्टर साफ आहेत का ते तपासतात, आणि रस्त्याकडेला नवं झाड दिसलं की तिथंच संपवतात. आपल्याकडंही हार्वेस्टर, रोटाव्हेटर या गावातून त्या गावात फिरतात. झाडून-धुऊन घेतल्याशिवाय शेतात घालू नयेत.

म्हणून मोठा पट्टा मोकळा सोडायचा का? नाही. नवे ठिपके त्याच्याच बियांतून पडतात. त्याची रस्त्याकडची आणि पाण्याकडची कड फुलाआधी काढायचीच. आतल्या भागाला मेक्सिकन भुंगा आहे. 1984 साली बंगळूरला तो पहिल्यांदा सोडला. पावसाळ्यात पानं खातो, पाऊस सरला की जमिनीत दडून बसतो. तिथंच टाकळा, म्हणजे तरोटा, विस्कटला तर तोही गवताला दाबतो. भुंगा लांबचं एकटंदुकटं झाड शोधत बसणार नाही. ते काम माणसाचं.

मॉडेल कागदावरचं आहे, त्याला आपलं शिवार माहीत नाही. ठिपका कुठं पडलाय हे गुराख्याला, पाणी धरणाऱ्याला आधी दिसतं. तेव्हा यंदा गायरानात झुंडीनं उतरण्याआधी एक दिवस शिवारफेरी करा. जिथं गवत नव्हतं तिथं आलंय का बघा : विहिरीची मोट-वाट, पुलाखालची जागा, नवीन टाकलेला मुरूम, खताचा उकिरडा. ओल असताना, फुलाआधी, मुळासकट उपटा. हातमोजे घाला, अंगाला खाज सुटते, काहींना दम्याचाही त्रास होतो. फुलावर आलेलं झाड उकिरड्यात टाकू नका. आणि ती जागा लक्षात ठेवा, कारण मातीतलं बी पुढची काही वर्षं उगवत राहतं.

एक झाड आज दोन मिनिटांत निघतं. त्याचं बेट झालं की आख्ख्या गावाचे हात कमी पडतात.