बंदूक, कॅमेरा आणि फ्रेमबाहेरच्या गायी

आफ्रिकेच्या सफारीवरून परतलेल्या माणसाचं बोलणं कधी नीट ऐकलंय? "मस्त शूट झालं." "दुसऱ्याच दिवशी सिंह मिळाला." "बिग फाइव्हपैकी फक्त बिबट्या राहिला रे!" गळ्यात कॅमेरा, पण भाषा सगळी शिकाऱ्याची.

केनियातल्या मसाई मारामध्ये पाच दिवस फिरून आल्यापासून मीही असंच बोलतोय, आणि "फोटो कधी दाखवतोस?" असा मित्रमंडळींचा तगादा सुरू आहे. दाखवतो, दाखवतो. पण त्याआधी थोडा इतिहास सहन करा :) कारण हे फोटो जसे दिसतात तसे का दिसतात, याची गोष्ट मला स्वतःला फोटोंइतकीच भारी वाटली.

सुरुवात शब्दांपासून. 'सफारी' हा स्वाहिली शब्द आहे. मूळ अरबी 'सफर', म्हणजे आपली मराठीतली 'सफर' त्याच घराण्यातली. स्वाहिलीत कुठल्याही प्रवासाला सफारी म्हणतात. बस पकडून गावी गेलात तरी ती सफारीच. 'बिग फाइव्ह' मात्र पक्का शिकाऱ्यांचा शब्द. सिंह, बिबट्या, हत्ती, गेंडा आणि आफ्रिकन रानम्हैस हे पाच प्राणी पायी शिकार करायला सगळ्यात धोक्याचे, म्हणून ही यादी. यात जिराफ नाही, चित्ता नाही. फोटोग्राफरने यादी केली असती तर रानम्हशीला कोण घेतलं असतं?

कॅमेरा आणि बंदुकीचं नातं तर अगदी शब्दशः आहे. १८८२ साली मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो काढायला एक यंत्र बनवलं. आकार थेट बंदुकीचा! खांद्याला दस्ता लावायचा, नेम धरायचा, चाप ओढायचा, की सेकंदाला बारा फोटो. आज आपण ज्याला बर्स्ट मोड म्हणतो त्याचा हा खापरपणजोबा.

आफ्रिकेत हे नातं आणखी घट्ट झालं. कार्ल गेओर्ग शिलिंग्स हा जर्मन शिकारी आजच्या टांझानियात, म्हणजे तेव्हाच्या जर्मन पूर्व आफ्रिकेत, रात्री सिंहांचे फोटो काढायचा. आमिष म्हणून एखादं जनावर बांधून ठेवायचं, दोरीला कॅमेरा आणि मॅग्नेशियमच्या भुकटीचा फ्लॅश जोडायचा. सिंह झेपावला की दोरी ओढली जाणार, भडका उडणार, फोटो निघणार. आजच्या कॅमेरा ट्रॅपची हीच आयडिया. १९०५ च्या आसपास त्याचं पुस्तक आलं आणि युरोपात प्रचंड गाजलं. पुस्तकाच्या नावाचा अर्थ काय, तर 'फ्लॅश आणि बंदुकीसह'. दोन्ही एकाच पिशवीत!

अर्थात सगळेच असे नव्हते. एडवर्ड नॉर्थ बक्स्टन या इंग्रज गृहस्थाने १९०२ मध्येच बंदुकीऐवजी कॅमेरा घेऊन जा असं लिहिलं होतं. पुढच्याच वर्षी त्याच्या पुढाकाराने लंडनमध्ये साम्राज्यातले वन्यप्राणी वाचवण्यासाठी संस्था निघाली. सदस्य बहुतेक जुने शिकारीच, त्यामुळे लोकांनी त्यांचं नाव ठेवलं 'पश्चात्ताप झालेले खाटीक'.

मग आला रूझवेल्ट. अमेरिकेचं अध्यक्षपद मार्च १९०९ मध्ये सोडलं आणि एप्रिलमध्ये हा माणूस मोंबासाला हजर. तिथून तो ज्या रेल्वेने आत गेला ती १८९६ ते १९०१ या काळात बांधली गेली. बांधणारे होते हिंदुस्थानातून नेलेले सुमारे ३२ हजार मजूर, आणि त्यातले अडीच हजारांच्या घरात तिथेच मेले. या रेल्वेच्या इंजिनाच्या पुढ्यात बाक टाकून रूझवेल्ट दोन्ही बाजूंचे प्राणी बघत गेला. मोहीम वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयासाठी होती. बापलेकांनी मिळून ५१२ प्राणी मारले. मुलगा केरमिट १९ वर्षांचा, आणि मोहिमेचा फोटोग्राफरही तोच.

यातला एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. चेरी कीअर्टन या इंग्रजाने रूझवेल्टचं खरंखुरं चित्रण तिथे जाऊन केलं. पण इकडे शिकागोत सेलिग नावाच्या निर्मात्याने स्टुडिओत खोटं जंगल उभारलं, रूझवेल्टसारखा दिसणारा नट घेतला, एक म्हातारा सिंह विकत आणला आणि कॅमेऱ्यासमोर त्याला खरोखर गोळी घातली. हा सिनेमा १९०९ मध्येच आला आणि धो धो चालला. कीअर्टनचा अस्सल सिनेमा पुढच्या वर्षी आला, तर लोकांना तो कंटाळवाणा वाटला. आफ्रिका कशी 'दिसली पाहिजे' हे प्रेक्षकांचं आधीच ठरलं होतं.

१९२० च्या दशकात मार्टिन आणि ओसा जॉन्सन या अमेरिकन जोडप्याने हे प्रकरण आणखी पुढे नेलं. मार्टिन कॅमेऱ्याचा दांडा फिरवतोय आणि शेजारी ओसा बंदूक रोखून उभी, हे त्यांचं ठरलेलं तंत्र. त्यांचा 'सिम्बा' १९२८ चा. त्यांना पैसा देणाऱ्यांत कोडॅकवाला जॉर्ज ईस्टमनही होता. १९२६ मध्ये तो स्वतः त्यांच्याबरोबर सफारीवर जाऊन आला.

इथपर्यंतची गोष्ट सरळ वाटते. बंदूक हळूहळू मागे पडली, कॅमेरा पुढे आला, केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदीच घातली. चांगलंच झालं की! पण या सगळ्या फोटोंत एक गोष्ट कायम राहिली. चौकटीत माणूस नाही. असलाच तर साहेब, किंवा साहेबाचं सामान वाहणारा. गवताळ माळ, एकटं बाभळीचं झाड, सूर्यास्त आणि जनावरं. अनादी काळापासून असंच असल्यासारखं.

तसं ते मुळीच नव्हतं. या माळांवर मसाई लोक आपल्या गायी चारत आले होते. १८९० च्या दशकात तिथे बुळकांडी पोचली. हो, आपल्याकडच्या जुन्या शेतकऱ्यांना धडकी भरवणारा गुरांचा तोच रोग. पूर्व आफ्रिकेत कित्येक ठिकाणी दहातली नऊ गुरं मेली. गायींवर जगणाऱ्या माणसांचं काय झालं असेल? दुष्काळ, देवीची साथ, उपासमार. मसाई या काळाला 'एमुताई' म्हणतात, म्हणजे पुसून टाकणं. वसाहतवाले आणि त्यांचे कॅमेरे आले ते या महामारीच्या मागोमाग. त्यांना जी 'रिकामी' जमीन दिसली ती नुकतीच रिकामी झाली होती. पुढे १९०४ आणि १९११ च्या करारांनी ब्रिटिशांनी केनियातल्या मसाईंना उत्तरेच्या चांगल्या कुरणांतून दक्षिणेकडे हलवलं.

सीमेपलीकडे टांझानियात (तेव्हाचं टांगानिका) सेरेंगेटीचं राष्ट्रीय उद्यान १९५१ मध्ये झालं. बर्नहार्ड ग्रझिमेक हा फ्रँकफर्टच्या प्राणिसंग्रहालयाचा संचालक आणि त्याचा मुलगा मिखाएल यांनी झेब्र्यासारखे पट्टे रंगवलेल्या छोट्या विमानातून तिथले प्राणी मोजले, चित्रण केलं. जानेवारी १९५९ मध्ये विमानाची गिधाडाशी टक्कर होऊन मिखाएल गेला. त्याच वर्षी त्यांचा 'सेरेंगेटी मरता कामा नये' हा माहितीपट आला आणि त्याला ऑस्कर मिळालं. ग्रझिमेकचं ठाम मत होतं की राष्ट्रीय उद्यानात माणसांनी राहूच नये, अगदी स्थानिकांनीही. १९५८ च्या करारानुसार मसाईंनी उद्यान सोडलं. त्यांना शेजारचा न्गोरोंगोरोचा भाग देण्यात आला, तिथे राहायचा हक्क राहील असं सांगून.

ग्रझिमेकला खलनायक करायचं नाहीये. मुलगा गमावूनही त्याने हे काम सोडलं नाही, आणि सेरेंगेटी जगाच्या नकाशावर आलं ते बरंचसं त्याच्यामुळे. पण चित्राची ताकद बघा. माणूस नसलेली चौकट आधी फोटोत तयार झाली आणि मग जमिनीवर.

आणि आता सगळ्यात भन्नाट भाग. नदी ओलांडणाऱ्या हजारो वाइल्डबीस्टचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. १९६१ मध्ये सेरेंगेटी-मारात वाइल्डबीस्ट होते अडीच लाखांच्या आसपास. १९७७ पर्यंत ते तेरा-चौदा लाखांवर गेले. का? मुख्य कारण म्हणजे बुळकांडी गेली. वाइल्डबीस्टची पिल्लंही या रोगाने मरायची, आणि रोग टिकून होता तो गायींमध्ये. उद्यानाच्या आजूबाजूच्या गायींना लशी टोचल्यावर वाइल्डबीस्टमधली साथही ओसरली. या रोगावरची सर्वात यशस्वी लस वॉल्टर प्लाउराइटने नैरोबीजवळच्या मुगुगा इथे तयार केली, आणि २०११ मध्ये बुळकांडी जगातूनच नाहीशी झाल्याचं जाहीर झालं. म्हणजे 'अस्पर्श निसर्गाचा' हा सगळ्यात मोठा देखावा उभा आहे तो गायींच्या लसीकरणावर! आणि फोटोत गायी आल्या तर आपण त्या कापणार.

हा नुसता सौंदर्याचा प्रश्न असता तर मी एवढं लिहिलं नसतं. जून २०२२ मध्ये सेरेंगेटीला लागून असलेल्या लोलिओंडोत टांझानिया सरकारने १५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव करायला खुंट रोवले. मसाईंनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसं जखमी झाली, एक पोलीस मारला गेला. ज्या न्गोरोंगोरोत राहू देण्याचं वचन होतं, तिथल्या कुटुंबांनाही दूर नेऊन वसवणं त्याच वर्षी सुरू झालं. सरकार म्हणतं माणसं आणि गुरं वाढली, जंगलाला धोका आहे. गुरं वाढली आहेत हे खोटं नाही. पण हा युक्तिवाद जगाला इतक्या सहज का पटतो? कारण शंभर-सव्वाशे वर्षं आपण जे फोटो बघतोय, त्यात गाय ही घुसखोर आणि झेब्रा हा मालक आहे.

दुसरा रस्ताही आहे. माराच्या आसपास साधारण २००५-०६ पासून मसाई जमीनमालकांनी आपल्या जमिनी एकत्र करून पर्यटन कॅम्पना भाड्याने दिल्या आहेत. दरमहा भाडं मिळतं, आणि ठरवलेल्या भागात, ठरलेल्या वेळी गायीही चरतात. यात भांडणं नाहीत असं नाही, पण माणसाला बाहेर काढल्याशिवाय सिंह जगत नाही, हे गृहीतक तरी तिथे टिकत नाही.

तर फोटो. सिंह आहेत, चित्ता आहे, बिबट्या नाही (हो, राहिलाच!). पण अल्बममधला पहिला फोटो वेगळा आहे: एक उतार, वर झेब्र्यांचा कळप, खाली पन्नासेक गायी आणि त्यांच्यामागे लाल शाल पांघरलेला, काठी टेकून उभा असलेला गुराखी. सगळ्यांना पाठवताना तो मुद्दाम न कापता ठेवलाय. बघून झालं की कळवा, आणि "यात सिंह कुठाय?" असं विचारू नका.