तलंग अंड्यावर कधी येते? एका मुदतीचा इतिहास

बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या आपल्या गटांच्या बैठकीत कोंबड्यांचा विषय निघाला की एक प्रश्न ठरलेला असतो. पिल्लं आणली, तर अंडं किती महिन्यांनी? प्रश्न साधा वाटतो, पण हप्त्याचं सगळं गणित त्याच्यावर आहे. कर्जाचा हप्ता दुसऱ्या महिन्यात सुरू होतो आणि तलंग अजून नुसता दाणाच खात असते. मग पाचव्या महिन्यात, अगदी अंड्यावर यायच्या तोंडावर, ती बाजारात जाते. वाढवायचे कष्ट आपले आणि अंडी दुसऱ्याच्या घरी! म्हणून आज आम्ही या मुदतीचाच इतिहास सांगणार आहोत.

जगातल्या सगळ्या कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याची मादी वर्षभर अंडी घालत नाही. दिवस मोठे होऊ लागले की ती थोडी अंडी घालते, उबवते आणि पिल्लं घेऊन फिरते. वर्षाला दहा-पंधरा अंडी, बस. आपल्या सह्याद्रीत दिसतो तो करडा रानकोंबडा वेगळा. पण त्याचाही अंश आपल्या अंगणात आहे. कोंबडीच्या पायांचा पिवळा रंग या करड्या रानकोंबड्याकडून आला, असं शास्त्रज्ञांनी २००८ साली दाखवून दिलं.

मग रानातली ही कोंबडी लवकर अंड्यावर कशी येऊ लागली? माणसानं निवड केली म्हणून. लवकर अंडी देणारी ठेवली, उशीर करणारी कापली. २०१७ साली युरोपातल्या जुन्या कोंबड्यांच्या हाडांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. कोंबडीला लवकर अंड्यावर आणणारा आणि तिचा भांडखोरपणा कमी करणारा एक गुण तिथं सुमारे हजार वर्षांपूर्वी झपाट्यानं पसरला, असं त्यात दिसलं. त्या काळी तिथं उपवासाच्या दिवसांत चार पायांच्या जनावराचं मांस वर्ज्य होतं, पण कोंबडी आणि अंडी चालत. मागणी वाढली तशी निवडही कडक झाली असावी, असं अभ्यासकांना वाटतं. म्हणजे उपवासाच्या नियमाचा कोंबडीच्या वयात येण्याशी संबंध लागतो!

आपल्या आज्यांची गावरान तलंग सहा-सात महिन्यांनी अंड्यावर यायची. बारा-पंधरा अंडी झाली की खुडूक बसायची. वर्षाकाठी पन्नास-साठ अंडी मिळायची. आज हा आकडा कमी वाटतो. पण ती स्वतः पिल्लं काढायची, घार आली की पंखाखाली घ्यायची आणि खळ्यावर सांडलेले दाणे, उकिरड्यातले किडे खाऊन जगायची. तिच्यावर खर्च नव्हता, म्हणून उशिराचीही कोणाला घाई नव्हती.

ते खळंच पुढे कमी झालं. १८८५ च्या सुमारास नीरा डावा कालवा वाहू लागला. पुढे माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथं साखर कारखाने उभे राहिले आणि बागायत गावांत ज्वारी-बाजरीच्या जागी ऊस आला. उसाला खळं लागत नाही. कोंबडीचा फुकटचा दाणा तिथंच आटला. आजही जिरायत गावातली तलंग आणि उसाच्या गावातली तलंग एकाच वयाची असली, तरी दोघींच्या पोटात सारखं अन्न जात नाही.

दरम्यान दुसरी कोंबडी आली, पांढरी लेगहॉर्न. मूळची इटलीची, एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत गेली आणि तिथून जगभर पसरली. ती साडेचार-पाच महिन्यांत अंड्यावर येते आणि सहसा खुडूक बसत नाही. १९७१ साली बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. त्यानंतर संकरित कोंबड्यांच्या मोठ्या शेडचा धंदा देशभर वाढला. पण ही कोंबडी शेडची, मोजून खाद्य खाणारी. अंगणात मोकळी सोडली तर ती टिकायला अवघड.

म्हणून मधला मार्ग निघाला. बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज तयार केली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं वनराजा. या साधारण साडेपाच-सहा महिन्यांत अंड्यावर येतात. वनराजा परसात वर्षाला शंभर-एकशे दहा अंडी देते. मात्र उबवण्याचं काम त्यांच्याकडून फारसं होत नाही. त्यासाठी गावरान खुडूक कोंबडी लागते, नाहीतर पिल्लं पुन्हा विकत घ्यावी लागतात. अशा परसातल्या कोंबड्या २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ३१ कोटी ७० लाख भरल्या. २०१२ पेक्षा जवळपास ४६ टक्के जास्त.

आता महत्त्वाचं. पत्रकावर छापलेले साडेपाच महिने चांगलं खाद्य आणि पुरेसा उजेड धरून असतात. रानातली जुनी सवय कोंबडीनं सोडलेली नाही. दिवस मोठा होत गेला की ती लवकर अंड्यावर येते, लहान होत गेला की थांबते. आपल्याकडे जूनमध्ये दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरमध्ये जेमतेम अकरा तासांचा. जानेवारी-फेब्रुवारीत निघालेली पिल्लं मोठ्या दिवसांत वयात येतात. जुलैत निघालेली ऐन थंडीत वयात येतात, त्यामुळे त्यांना उशीर होऊ शकतो. अशा वेळी खुराड्यात पहाटे-संध्याकाळी मिळून दोन-तीन तास बल्ब लावला, तर फरक पडतो.

तलंग विकण्याआधी तिच्याकडे नीट पाहा. तुरा लाल आणि मोठा झाला का? पाठीवर हात ठेवला की खाली दबून बसते का? मागची दोन हाडं चाचपा. त्यांच्यामध्ये दोन बोटं मावू लागली, तर अंडं जवळ आलं. कोपरे धुंडाळू लागली, तर घमेल्यात भुसा घालून जागा करून द्या. पहिली अंडी लहान असतात, त्याला घाबरू नका. अंडी सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा द्या.

आणि गटासाठी आमची एक सूचना. पिल्लं घेतली की इतिवृत्ताच्या वहीत तीन गोष्टी लिहा: जात, पिल्लं निघाल्याची तारीख आणि पहिल्या अंड्याची तारीख. दोन-तीन वर्षांत तुमच्या गावाची खरी मुदत तुमच्याच वहीत सापडेल. तोवर कोंबड्यांच्या अंतर्गत कर्जाचा हप्ता सातव्या महिन्यापासून धरा आणि दाण्याचा खर्च कर्जातच मोजा. हजारो वर्षं ही मुदत माणसानं आपल्या गरजेप्रमाणे पुढे-मागे सरकवली आहे. आपल्याला निदान हप्त्याची तारीख तरी सरकवता येईल. पुढच्या बैठकीत हा विषय पहिला घ्या.