गागोद्याचा फणस

कुलाबा जिल्ह्यांत, म्हणजे ज्यास आज रायगड म्हणतात त्या किनारपट्टींत, जन्मणाऱ्या मुलास आपण कोणत्या घरचे हें फार लवकर कळत असे. खोताच्या ओटीपुढें कुळानें कोठें उभें राहावें, कोणाच्या ओंजळींत पाणी वरून घालावें, धान्याचें माप कोणीं भरावें आणि कोणीं नुसतें पाहावें, हे धडे कोणा पंतोजीस शिकवावे लागत नसत. मूल ते ओटीवर खेळतां खेळतांच उचलीत असे. सुस्थितींतील घरचा मुलगा पुढें इतर माणसांकडे कोणत्या दृष्टीनें पाहणार, याचा निर्णय बहुधा तो अक्षरें गिरवावयास बसण्यापूर्वींच होऊं लागतो.

या जिल्ह्याच्या पेण तालुक्यांत, खाडीपासून आंत डोंगराकडे, गागोदें नांवाचें लहानसें खेडें आहे. तेथील भावे हें इनामदार ब्राह्मण घराणें. त्या घरांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहर भावे यांचा जन्म झाला. पुढें सारा देश त्यांस विनोबा म्हणून ओळखूं लागला. वडील नरहरपंत नोकरीनिमित्त बडोद्यास असत. त्यामुळें मुलाचीं आरंभींचीं वर्षें आजोबा शंभुराव आणि आई रुक्मिणीबाई यांच्या सहवासांत गेलीं. आजोबा व्रतस्थ आणि ईश्वरभक्त. आई शाळेंत फारशी न शिकलेली, पण संतवाणी तोंडपाठ असलेली. जमीन, मान आणि जात या तिन्ही गोष्टी वारशानें चालून आलेल्या. अशा घरांतून एखादा उद्धट मुलगा निपजता तर कोणासहि नवल वाटलें नसतें.

घरच्या झाडाचा फणस पिके तेव्हांची हकीकत विनोबांनीं पुढें अनेकदां सांगितली. आई गरे काढून पानांवर ठेवी, आणि तीं पानें शेजारच्या घरोघर पोंचविण्याचें काम या लहान मुलाकडे असे. सर्वांकडे पोंचलें म्हणजे मग त्याच्या वांट्याचे गरे. देण्यांत देवपण आहे आणि आपल्यापाशीं सांठविण्यांत राक्षसपण, अशा अर्थाचें तिचें एक साधें सांगणें होतें. पण त्या सांगण्याहून तिनें घालून दिलेला क्रम अधिक परिणामकारक ठरला. आधीं शेजाऱ्याचें घर, मग आपलें पान. आणि नेऊन देणारा घरचा गडी नव्हे, तर घरचा मुलगा.

त्याच घरांत एक आंधळे वृद्ध गृहस्थ राहत. मुलें त्यांस आंधळे काका म्हणत. त्यांचें खाणेंपिणें, त्यांची विचारपूस घरच्या वडीलधाऱ्या माणसासारखीच होई. पुढें कुटुंब बडोद्यास गेल्यावर एके दिवशीं त्यांच्या मृत्यूची वार्ता आली. घरांत सुतक पाळलें गेलें नाहीं, म्हणून मुलानें आईस कारण विचारलें. ते आपल्या नात्याचे नव्हते, निराधार होते म्हणून आपल्याकडे राहत, असें तेव्हां प्रथमच त्यास समजलें. एवढीं वर्षें ज्यास काका म्हटलें तो परका होता, याचा सुगावाहि मुलांस लागूं दिला गेला नव्हता. उपकार करणाऱ्यानें उपकाराचा उच्चार न करणें ही मोठी कठीण गोष्ट. या घरानें ती सहज साधली होती.

बडोद्याच्या घरीं एक गरीब विद्यार्थी जेवावयास असे. शिळें उरलें तर आई तें स्वतः खाई, किंवा विन्यास वाढी. त्या विद्यार्थ्यास मात्र नेहमीं ताजें. तल्लख मुलानें एकदां तिला पेंचांत धरलें: सर्वांस समान लेखावें असें तूं सांगतेस, आणि तुझ्याच वाढण्यांत भेदभाव आहे! आईनें तो तत्काळ कबूल केला. तूं मला मुलगा वाटतोस, त्याच्या ठिकाणीं मला देव दिसतो. तुझ्याहि ठिकाणीं देव दिसूं लागेल तेव्हां हा भेद मिटेल, अशा आशयाचें तिचें उत्तर होतें. आपल्या मुलाविषयींचा पक्षपात आईबापांस टळत नाहीं. या माउलीनें तो नाकारला नाहीं. त्याचा भार मात्र आपल्याच मुलाच्या ताटांत वाढला.

सर्वच गोड होतें असेंहि नव्हे. वडील कडक शिस्तीचे. लहानपणीं मुलास त्यांच्या हातचा मार पुष्कळ बसला. एका दिवाळीस त्यांनीं आणलेल्या पुडक्यांत मिठाईऐवजीं मुलांसाठीं लिहिलेलीं रामायण-महाभारताचीं पुस्तकें निघालीं. याहून गोड खाऊ कोणता, असें म्हणून आईनें मुलाचा हिरमोड आनंदांत बदलला.

परंतु चांगलें घर म्हणजे चांगला समाज नव्हे. याच जिल्ह्यांत महाडास २० मार्च १९२७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं हजारों अनुयायांसह चवदार तळ्याचें पाणी घेतलें, तेव्हां सवर्णांच्या जमावानें त्यांच्या माणसांवर हल्ला केला. त्या लढ्यांत आंबेडकरांच्या बाजूनें उभे राहिलेले सुरबानाना टिपणीस, अनंतराव चित्रे व गंगाधरपंत सहस्रबुद्धे हेहि उच्च मानलेल्या जातींतलेच होते. अलिबागजवळच्या चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालीं कुळांनीं १९३३ ते १९३९ पर्यंत खोतांची जमीन कसण्याचें नाकारलें. उपासमार सोसली, पण संप मोडला नाहीं. चरीचा शेतकरी फणसाचे गरे मागत नव्हता. पिकाच्या वांट्यावरील आपला हक्क तो मागत होता. घर मुलास देण्यास शिकवूं शकतें. दुसऱ्याचा हक्क ओळखण्याचें शिक्षण मात्र त्यास घराबाहेर पडूनच घ्यावें लागतें.

विनोबांनीं तें घेतलें. १९१६ सालीं घर सोडून ते गांधीजींपाशीं गेले. मागून धाकटे बंधु बाळकोबाहि आले. आश्रमांतील भंगी आजारी पडला आणि त्याचा लहान मुलगा मैल्याची जड बादली ओढतांना बाळकोबांनीं पाहिला, तेव्हां त्यांनीं तें काम आपण होऊन पत्करलें. ब्राह्मणानें हें करावें हें आश्रमांतहि कांहींस रुचलें नाहीं. गांधीजींनीं मात्र त्यास संमति दिली.

पुढें १८ एप्रिल १९५१ रोजीं तेलंगणांतील पोचमपल्लीस भूमिहीनांसाठीं शंभर एकर जमीन मिळाली आणि भूदानाचा आरंभ झाला. तुम्हांस पांच मुलगे असतील तर मला सहावा समजा आणि माझा वांटा द्या, असें विनोबा जमीनदारांस सांगत. मिळालेल्या जमिनीपैकीं बरीच नापीक निघाली, बरीच वांटली गेलीच नाहीं, हा त्या चळवळीचा उणेपणा झांकण्याचें कारण नाहीं. तरीहि त्या मागणीचा शब्द पाहण्याजोगा आहे. मुलगा भिक्षा मागत नाहीं, वांटा मागतो. गागोद्याच्या आईची वाढण्याची रीत आणि चरीच्या कुळाचा हक्क हीं दोन्ही त्या एका शब्दांत येऊन मिळालीं होतीं.

ज्या घरांत आज सुबत्ता आहे, तेथें मुलास भूतदयेचे पाठ देण्यापूर्वीं एवढें तरी पाहावें कीं, आपल्या घरीं राबणाऱ्या बाईस मूल काय म्हणून हांक मारतें, तिला चहा कोणत्या कपांत मिळतो, आणि शिळें अन्न कोणाच्या ताटांत जातें. मूल तें सारें पाहत असतें.