ओवीतला ख्रिस्त

कडोलीपासून बेळगाव जवळ. आपली कितीतरी मुलं तिथल्या मिशनच्या नाहीतर कॉन्व्हेंटच्या शाळेत जातात. नाताळात गव्हाणीतल्या बाळाचा देखावा बघून येतात आणि घरी विचारतात, हे बाळ म्हणजे कोण? त्यांचे तीर्थंकर का? मग मोठेपणी त्याला क्रुसावर का मारलं? आई म्हणते, "आधी जेव बघू." तिला उत्तर ठाऊक नसतं आणि आत कुठंतरी भीतीही असते, की फार सांगितलं तर पोर तिकडंच ओढलं जाईल. मला ही भीती पटत नाही. शेजारणीची श्रद्धा कशावर आहे हे कळल्यानं आपलं सम्यक्त्व ढळत नाही.

तेव्हा थोडक्यात सांगते. ख्रिस्ती माणूस एकच परमेश्वर मानतो आणि हे जग त्यानं निर्माण केलं असं मानतो. येशू हा त्या देवाचा पुत्र, माणसांच्या पापांसाठी त्यानं क्रुसावर मरण पत्करलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला, ही त्यांच्या श्रद्धेची मुळी. ग्रंथ बायबल. त्याचे दोन भाग, जुना करार आणि नवा करार. जुना करार मुळात यहुदी लोकांचा. नव्या करारात येशूचं चरित्र चार जणांनी सांगितलेलं आहे, त्याला शुभवर्तमान म्हणतात. आपला मोठा फरक इथंच पडतो. आपण सृष्टीचा कर्ता मानत नाही आणि आपल्या कर्माची निर्जरा दुसरा कुणी करून देत नाही. ते म्हणतात, देवाच्या कृपेशिवाय तारण नाही. हा फरक लपवू नये, मुलांना सरळ सांगावा. क्षमेबद्दल मात्र बोलायला दोघींना पुष्कळ सापडेल.

आता ही गोष्ट मराठीत आली कशी, ते मला जास्त सांगायचं आहे.

थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट पाद्री 1579 साली गोव्यात आला आणि पुढं साष्टी भागात राहिला. काळ वाईट होता. पोर्तुगीज सत्तेनं तिथली देवळं पाडली होती, जुन्या पोथ्या वाचायला बंदी घातली होती. 1583 मध्ये कुंकळ्ळीच्या लोकांनी पाच जेझुइटांना ठार मारलं आणि त्यानंतर गावच्या पुढाऱ्यांनाही मारण्यात आलं. हे सगळं बाजूला ठेवून फक्त ग्रंथाचं कौतुक करणं मला जमत नाही. पण ग्रंथाच्या आरंभी स्टीफन्सनं जे लिहून ठेवलंय ते लक्षात राहण्यासारखं आहे. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांनी त्याला विचारलं, आमची जुनी पुराणं तुम्ही बंद केलीत, मग त्यांच्या जागी दुसरं पुराण का करून देत नाही? पोथी गेली की संध्याकाळचं ऐकणं गेलं, घरातल्या म्हाताऱ्यांचं काम गेलं. नुसती प्रश्नोत्तरं पाठ करून घर चालत नाही हो.

म्हणून त्यानं अदमासे अकरा हजार ओव्यांचं 'क्रिस्तपुराण' रचलं. ते 1616 मध्ये राचोल इथं छापलं गेलं. भाषा मराठी, मधूनमधून कोकणीची लकेर, छपाई मात्र रोमन अक्षरांत, कारण नागरी खिळे हाताशी नव्हते. जगाच्या उत्पत्तीपासून येशूपर्यंतची सगळी कथा त्यात आहे आणि स्वर्गाला चक्क वैकुंठ म्हटलेलं आहे. रविवारी, सणावारी ते चर्चमध्ये वाचत. आपल्याला हे ओळखीचं वाटायला हरकत नाही. आपल्या आचार्यांनीसुद्धा आधी प्रथमानुयोग ठेवला, महापुरुषांच्या कथा ऐकवल्या, आणि आपल्या भट्टारकांनी मराठीत ओवीबद्ध पुराणं केली. कथेच्या वाटेनंच धर्म घरात येतो.

आपल्या बेळगावाचं नाव यात पुढं येतं. लंडन मिशनचे लोक 1820 मध्ये इथं आले. त्यांच्या शाळेत शिकलेले बाबा पदमनजी 1831 साली बेळगावातच जन्मले, 1854 मध्ये ख्रिस्ती झाले. तीन वर्षांनी त्यांचं 'यमुनापर्यटन' निघालं. धर्मप्रसार त्यात आहेच, पण पानापानांत विधवा बायकांचे हाल आहेत. मराठीतली ही पहिली कादंबरी असं पुष्कळ जण मानतात.

आणि मग पंडिता रमाबाई. बायबलचं मराठी भाषांतर तोवर होतंच, पण ते संस्कृत शब्दांनी जड. केडगावच्या मुक्ती मिशनात दुष्काळातून आलेल्या पोरी होत्या, त्यांना ते कळेना. रमाबाईंनी त्यांना समजावून देत बसण्याऐवजी भाषांतरच नव्यानं करायला घेतलं. संस्कृत त्यांना आईवडिलांकडून मिळालेलंच होतं. आता हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, उतारवयात. ज्या बाईला एवढं संस्कृत येत होतं तिनंच सोपा शब्द शोधत बसावं, याचं मला फार अप्रूप वाटतं. कितीतरी वर्षं हे काम चाललं. मिशनच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायका, छापणाऱ्या बायकाच. एप्रिल 1922 मध्ये रमाबाई गेल्या. तोवर भाषांतर हातावेगळं झालं होतं, संपूर्ण बायबल 1924 मध्ये बाहेर पडलं.