टिनटिनचा चांग

कोलकात्यात वाढणाऱ्या आपल्या मराठी मुलांना टिनटिनची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. ‘आनंदमेला’ने त्याला बंगाली बोलायला शिकवले आणि त्याचा कुत्रा येथे ‘कुट्टुस’ झाला. परंतु या चित्रकथेतील चांग हा चिनी मुलगा खऱ्या माणसावरून घेतला आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मला ती हकिकत टिनटिनच्या कोणत्याही साहसाइतकीच मोलाची वाटते.

टिनटिनचे जनक एर्जे हे बेल्जियमचे. १९२९ साली ब्रसेल्सच्या एका वृत्तपत्राच्या बालपुरवणीत टिनटिन अवतरला. पहिल्याच कथेत त्यांनी लांब वेणीचे, छळ करणारे चिनी रंगवले होते. चीन त्यांनी पाहिला नव्हता, सारे ऐकीव.

पुढे टिनटिन चीनला जाणार असे जाहीर झाले, तेव्हा चिनी विद्यार्थ्यांशी संबंध असलेल्या एका धर्मगुरूंनी एर्जेंना पत्र लिहून नीट माहिती घेण्याची विनंती केली. त्यातूनच मे १९३४ मध्ये शांघायहून शिल्पकला शिकायला आलेल्या चांग चोंगरेन यांची भेट झाली. दोघांचाही जन्म १९०७ चा! चांगने मित्राला चिनी कुंचल्याची रीत, इतिहास आणि जपानी आक्रमणाची वस्तुस्थिती समजावली. ‘ब्लू लोटस’मधील दुकानांच्या पाट्या आणि भिंतींवरच्या घोषणा खऱ्या चिनी लिपीत आहेत. युरोपीय वाचकांना त्या कळल्या नाहीत, पण त्यांत जपानी मालावर बहिष्काराची हाक होती!

याच कथेत टिनटिन चांग नावाच्या अनाथ मुलाला पुरातून वाचवतो. मग चिन्यांविषयी युरोपात काय काय समज आहेत ते टिनटिन सांगतो आणि दोघेही पोट धरून हसतात.

१९३५ साली चांग मायदेशी परतले. पुढे युद्ध झाले, संपर्क तुटला. १९५८ मध्ये एर्जेंनी ‘टिनटिन इन तिबेट’ सुरू केली. विमान अपघातात चांग गेला असे सारे सांगतात, पण टिनटिन ते मानत नाही. दिल्ली, काठमांडू करीत तो हिमालयात त्याला शोधायला जातो. या कथेत खलनायकच नाही.

प्रत्यक्षात चांगना सांस्कृतिक क्रांतीच्या काळात बरेच सोसावे लागले. अखेर मार्च १९८१ मध्ये ब्रसेल्सच्या विमानतळावर हे दोन वृद्ध मित्र भेटले. दोनच वर्षांनी एर्जे गेले. चांग १९९८ साली फ्रान्समध्ये निवर्तले.

परप्रांतात संसार थाटलेल्या आपल्यासारख्यांना याचे मर्म उलगडून सांगायला नको. एखाद्या समाजाविषयी पन्नास गोष्टी कानावर आलेल्या असतात. त्यांतलाच एखादा शेजारी घरी चहाला येऊ लागला, की त्यांतल्या किती टिकतात ते आपण जाणतोच. एर्जेंच्या दारी असा माणूस आला, आणि त्यांनी आपली रेषाच बदलली.